सत्तेचाळीस नंबरचे कंदील

राजेशम येमूल यांच्याबद्दल लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. कुणी विचारलं, "ते चिठ्ठीवाले येमूल कसे होते हो?" की मी हसायचो, "अवलिया माणूस," एवढं म्हणायचो आणि नळाच्या पाण्यावर बोलायला लागायचो. सोलापुरात नळाच्या पाण्यावर कितीही वेळ बोलता येतं. विषय बदलला हे समोरच्याला कळतसुद्धा नाही. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. पाण्यावर पुष्कळ बोलून झालं. जे घडलं ते आता सांगून टाकतो.

येमूल वस्तू पास करायचे. कुणी सांगितलं असो वा नसो.

जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी जिन्याच्या कठड्यावर एक पिवळी चिठ्ठी चिकटलेली दिसली. बोटाच्या दोन पेरांएवढी. वर जांभळ्या शाईचा शिक्का: ४७. मी सोसायटीचा चिटणीस. परवानगीवाचून चिकटवलेला कागद दिसला की माझं डोकं फिरायचं. तरातरा वर गेलो. दार सताड उघडं होतं. आत बनियन घातलेला, काटकुळा, कपाळावर चष्मा चढवलेला एक माणूस खिडकीशी उभा राहून स्वतःचीच चादर उजेडावर धरून बघत होता.

"जिन्यात काय चिकटवलंय तुम्ही?" मी विचारलं.

"चिठ्ठी. कठडा हलवून बघितला मी. पास हाय."

"आणि तो तपासायला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पायजे?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "गच्चीवरच्या टाकीचं झाकण मात्र नापास हाय, साहेब. तिकडं न्हाई लावली चिठ्ठी. बसा की. चहा टाकतो."

झाकण खरोखरच फुटलेलं होतं. चिटणीस या नात्याने मला ते तीन महिने ठाऊक होतं. त्यामुळे मी बसलो आणि चहा घेतला.

हळूहळू उलगडा झाला. येमूल एकतीस वर्षं टॉवेलच्या एका कारखान्यात होते, फोल्डिंग खात्यात, तपासनीस म्हणून. टॉवेल उजेडावर ताणून धरायचा, तुटलेला धागा, तेलाचा डाग, सुटलेली किनार शोधायची, मग घडी. डझन झाला की आत आपल्या नंबराची चिठ्ठी सरकवायची आणि चिठ्ठीच्या पाठीमागे पेन्सिलीने तारीख. कारखान्याचा नियम असा, की चिठ्ठी आत गेली की माल तुमचा. कुठल्याही देशातून तक्रार आली तरी नंबर बघून गठ्ठा थेट तुमच्या टेबलावर. मग "मी नव्हतो", "उजेड कमी होता" असलं काही चालत नसे. एकतीस वर्षांत येमूलांचे फक्त दोन गठ्ठे परत आले. ते दोन्ही प्रसंग त्यांनी मला किमान पन्नास वेळा सांगितले. दुसरा माणूस बायकोच्या बाळंतपणाच्या गोष्टी इतक्या तपशिलाने सांगत नाही.

निवृत्त होताना त्यांनी कारखान्यातून काय आणलं? लोक घड्याळ आणतात, शाल आणतात. येमूलांनी तो रबरी शिक्का मागून घेतला, आणि उरलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा बिस्किटाचा एक डबा भरून आणला. बायको आधीच गेलेली. मुलगा सुरतेला. भवानी पेठेतलं मागांच्या खडखडाटातलं जुनं घर भावांकडे गेलं आणि हे आमच्या शांत, पेन्शनर इमारतीत येऊन पडले. घरात बोलायला तेलुगू आणि ऐकायला कुणी नाही. बाहेरच्यांसाठी त्यांची स्वतःची अशी मराठी होती.

सुरुवातीला आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली. मी जरा जास्तच. पण मग जाधवबाईंनी नवा कुकर घेतला आणि गंमत म्हणून त्यांना दाखवायला नेला. येमूलांनी शिटी हातात घेतली, झाकण पाच-सहा वेळा फिरवलं, कानाशी नेलं. "नापास," म्हणाले. "बदलून आणा." बाईंनी बदलला नाही. पंधराव्या दिवशी कुकरने स्वयंपाकघराच्या छतावर आमटी उडवली. त्यानंतर सोळा बिऱ्हाडांतलं कुणीही येमूलांना दाखवल्याशिवाय काही वापरेना. पंखे, पायपुसणी, गुडघ्याचे पट्टे, कलिंगडं! त्यांच्या दाराशी आठवडी बाजार भरायचा. येमूल प्रत्येक वस्तू खिडकीशी नेऊन बघायचे आणि विचारायचे, "कागदावर किती, हातात किती?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खोक्यावर जे लिहिलंय त्यातलं खरं किती, असा अर्थ. कुणी घाई केली की दुसरं ठरलेलं वाक्य यायचं, "घाई कुणाला हाय?" घाई समोरच्यालाच असायची. तो तिथंच उभा असायचा. पण हे येमूलांच्या ध्यानात यायचं नाही.

माझ्या पुतणीला बघायला एक मुलगा आला होता. येमूल नेमके त्याच वेळी माझ्याकडे साखर मागायला आले. साखर बाजूला राहिली. त्यांनी मुलाभोवती एक फेरी मारली, त्याच्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरली आणि उजेडाकडे वळवली. मुलाची आई कपातला चहा तसाच धरून बसली.

"कापड चांगलं हाय," येमूल म्हणाले.

"आणि मुलगा?" माझी पुतणी आतून ओरडली. तिला तो पसंत नव्हता.

"माणसाचं मी बघत न्हाई," येमूल म्हणाले. "माणूस उजेडावर धरून कळत न्हाई."

तर असे हे येमूल. आणि अशा माणसाच्या हाती आम्ही चार्जिंगचे कंदील निवडायचं काम दिलं.

झालं असं की आमच्या ज्येष्ठ मंडळाने त्या वर्षी तंबूत राहायचं ठरवलं. उजनी धरणाच्या बॅकवॉटरच्या काठाला फ्लेमिंगो येतात. ते पहाटे बघायचे तर दोन रात्री तिथेच मुक्काम हवा, अशी कल्पना जाधव गुरुजींची. गुरुजी म्हणजे कुकरवाल्या जाधवबाईंचे यजमान, निवृत्त मुख्याध्यापक. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांच्यात अचानक गिर्यारोहक जागा झाला होता. तंबू म्हणजे अंधार, तेव्हा कंदील हवेत. शिवाय उन्हाळ्यात संध्याकाळी लाईट जाते, जिन्यात काही दिसत नाही. म्हणजे एकाच खरेदीत दोन्ही कामं. चौदा माणसं, चौदा कंदील. "येमूल निवडतील," गुरुजी म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. सहलीला तेव्हा चार महिने होते. कंदील निवडायला चार महिने म्हणजे चंगळ, असं आम्हाला वाटलं. आम्ही येमूलांना ओळखत नव्हतो, दुसरं काय!

मंडळाचा चिटणीसही मीच. त्यामुळे दुकानं फिरताना त्यांच्याबरोबर जायची शिक्षा माझी. नव्या पेठेतल्या एका दुकानात ऐन दुपारी बारा वाजता येमूल दुकानदाराला म्हणाले, "शटर जरा खाली घ्या की."

"का ओ, काका?"

"उनात कंदील कसा कळंल? अंधार करा."

"अंधार केला तर गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"गिऱ्हाईक मीच हाय की."

"तुमी घेनार हाव का पन?"

"बघून सांगतो."

"मागल्या आयतवारी पन हेच म्हनला तुमी!"

दुकानदाराने शेवटी अर्धं शटर ओढलं. येमूलांनी पिशवीतून एक पांढरा टॉवेल काढून मला भिंतीशी धरून उभं केलं. त्या टॉवेलातला एक धागा त्यांनी घरीच ओढून काढलेला होता. पाच पावलांवरून, कंदिलाच्या उजेडात, ती गेलेली ओळ दिसली पाहिजे. दिसली तर पुढची परीक्षा. मी हात वर करून उभा. बाहेरून जाणाऱ्यांना अर्ध्या शटरखालून माझे पाय आणि टॉवेलची खालची कड तेवढी दिसत असावी. एका ओळखीच्या बाईंनी वाकून पाहिलं आणि त्या घाईने निघून गेल्या.

दुकानदार म्हणाला, "काका, खोक्यावर बघा की. छत्तीस तास चालतो."

"कंच्या उजेडात छत्तीस?"

"म्हंजे?"

येमूलांनी बटण तीनदा दाबलं. कंदील काजव्याएवढा झाला. "ह्या उजेडात छत्तीस. ह्या उजेडात कंदील कुटं ठेवलाय ते हुडकायला दुसरा कंदील लागंल. कागदावर किती, हातात किती?"

एका कंदिलाच्या डोक्यावर उन्हावर चार्ज होणारी काळी टिकली होती. येमूलांनी तो वैशाखात दिवसभर गच्चीवर ठेवला. ज्या उन्हात आमच्या बायकांचे पापड तासाभरात कडकडीत होतात, त्या उन्हात. संध्याकाळी तो बरोबर अकरा मिनिटं जळला. "सोलापूरच्या उनात ज्याचं पोट भरत न्हाई," येमूल म्हणाले, "त्येला आता कंच्या गावाला न्यायचं?" आणखी एक कंदील त्यांनी न्हाणीघरात शॉवरखाली ठेवला आणि स्वतः छत्री घेऊन शेजारी उभे राहिले. एक पलंगाच्या उंचीवरून तीनदा पाडला, कारण "म्हातारी माणसं हायत, हातातनं पडनारच." सहा दुकानांतून सहा नमुने त्यांनी स्वतःच्या शब्दावर आणले होते. दर अर्ध्या तासाला प्रत्येकापुढे औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद धरायचे, आणि सगळ्यात बारीक अक्षर कुठवर वाचता येतं ते वहीत लिहायचे.

शेवटची परीक्षा तोंडाची. तीत मी लागायचो. स्टुलावर बसायचं, समोर कंदील. येमूल पाठीमागून, बाजूने, पुढून बघायचे.

"साहेब, ह्या उजेडात तुमी मेल्यावानी दिसालाव," म्हणाले एकदा. "नापास."

"कंदील का मी?"

"कंदील. अंधारात माणूस आधीच घाबरलेला असतो. त्यात शेजारच्याचं तोंड असं निळं दिसलं तर? जरा पिवळा उजेड पायजे. तोंड वळखू आलं की भ्या जातं."

या परीक्षेत माझ्या साधारण चाळीस संध्याकाळी गेल्या. मी घरी येऊन बायकोला सगळं साभिनय करून दाखवायचो आणि ती डोळे पुसेपर्यंत हसायची. येमूलांच्या घरी मात्र मला मध्येच काही बोलता यायचं नाही, कारण त्यांची मान सारखी घड्याळाकडे. एखाद्या संध्याकाळी खरोखरच लाईट जायची. सगळी इमारत कुरकुरत जिन्यात यायची, येमूल तेवढे लग्नघरातल्या यजमानासारखे सहा कंदील घेऊन प्रत्येक मजल्यावर मांडत हिंडायचे. लाईट परत आली की लोक टाळ्या वाजवायचे. येमूलांचा चेहरा पडायचा. "आनखी पंधरा मिनटं थांबली असती तर तीन नंबरचं कळलं असतं," म्हणायचे.

होता होता सहल तीन दिवसांवर आली. मी वर गेलो.

"झालं का, येमूल?"

"झालंच म्हणा. चार बाद झाले. दोन उरलेत. दोघांतला कोण, ते आयतवारी सांगतो."

"आपण शुक्रवारी निघतोय."

"मग आनखी एक चार्जिंग बाकी हाय त्येचं काय? घाई कुणाला हाय?"

"मला!" मी ओरडलो. "चौदा लोकांना आहे! दोघांतला कुठलाही द्या."

येमूल शांतपणे म्हणाले, "साहेब, एकवेळ अंधारात जावा. अंधारात माणूस जपून चालतो. खोटा उजेड देऊन मी कुणाला पाठवनार न्हाई."

मी तडक खाली उतरलो. चार महिने टॉवेल धरून उभा राहिल्याचा, स्टुलावर बसल्याचा, मेल्यासारखा दिसल्याचा सगळा राग त्या जिन्यात माझ्या डोक्यात गेला. आणि एक खरं कारण होतं, ते आज पहिल्यांदा लिहितो. मंडळात गेले सहा महिने "येमूल काय म्हणतात?" हेच सगळे विचारायचे. "चिटणीस काय म्हणतात?" असं कुणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटा बाजारात गेलो आणि पाच मिनिटांत चौदा कंदील घेतले. झगझगीत, हलके, खोक्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र असलेले. शटर खाली घ्यायला सांगितलं नाही. घरी आणल्यावर जाधवबाईंनी एक उचलून उलटासुलटा केला. "येमूलभाऊंची चिठ्ठी कुठाय? चिठ्ठीशिवाय मी ह्यांना हातात घेऊ नाही द्यायची."

"लावायची राहिली असेल," मी म्हणालो.

संध्याकाळी येमूलांकडे गेलो. सहलीला ते येणार नव्हते. शनिवारी सुरतेहून मुलगा यायचा होता. "बसा की," म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले. डबा कपाटाच्या खालच्या फळीवर होता, शिक्का मारून ठेवलेल्या चिठ्ठ्यांनी भरलेला. मी चौदा मोजून घेतल्या. आत भांडं वाजत होतं, येमूल स्वतःशीच तेलुगूत काहीतरी गुणगुणत होते. आलं घातलेला चहा त्यांनी आणून माझ्या हातात दिला आणि मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. चिठ्ठीच्या मागे तारीख असते हे मला माहीत होतं. ती मी घातली नाही. अक्षर ओळखलं जाईल, एवढी अक्कल शाबूत होती.

पहिल्या संध्याकाळी उजनीच्या काठावर लग्नाच्या मांडवासारखा लखलखाट झाला. "वा, येमूल!" सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी कंदील दिवसभर शेजारच्या शेतकऱ्याच्या घरी चार्जिंगला होते. अंधार पडून अर्धा तास झाला असेल नसेल, एक कंदील मंदावला. मग दुसरा. दहा मिनिटांत चौदांतले बारा गेले. उरलेल्या दोनातला एक गुरुजींच्या हातात. ते शेताच्या कडेला लघवीला निघाले होते. तंबूची दोरी दोन पावलांवर असताना त्यांचा उजेड गेला.

मनगट मोडलं आणि गळपट्टीचं हाड. दवाखान्यात गुरुजी मला म्हणाले, "कंदील नसता तर मी काठी घेतली असती हो, सरवदे. कंदील होता, म्हणून काठी तंबूत ठेवली."

परत आल्यावर पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून बैठक झाली. गुरुजी गळ्यात हात अडकवून बसलेले. जाधवबाईंनी मला विचारलं, "कंदील तुम्हीच आणले ना, भाऊजी?"

मी म्हणालो, "निवड येमूलांची. मी फक्त आणले."

हे वाक्य खोटं होतं, हे मी सहा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. मोठ्याने, चौदा माणसांसमोर, अगदी स्वच्छ उच्चारात म्हणालो होतो.

येमूलांना खाली बोलावलं. ते हसत आले आणि खुर्चीत बसले. वाटलं असेल, कुणी काही दाखवायला आणलंय. जाधवबाईंनी कंदील त्यांच्या मांडीवर आपटला. "हा तुमचा सत्तेचाळीस नंबर! माणूस मेला असता माझा!"

येमूलांनी चष्मा खाली घेतला. कंदील बघितला. असला कंदील त्यांनी जन्मात हातात धरला नव्हता. चिठ्ठी बघितली. नखाने हळूच सोडवली आणि उलटी केली. मागे कोरी. ती कोरी बाजू ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी समोर बसलेल्या एकेका माणसाकडे पाहिलं. फक्त माझ्याकडे पाहिलं नाही.

"व्हय," म्हणाले. "नंबर माझा हाय."

"मग तपासलं काय तुम्ही चार महिने?" कुणीतरी विचारलं. कुणीतरी हसलं.

"नंबर माझा हाय म्हणलं की." ते उठले, गुरुजींपुढे गेले आणि सत्तर वर्षांच्या माणसाने वाकून हात जोडले. "गुरुजी, चुकलं. लई मोठं चुकलं. माफ करा."

किती सहज म्हणाले! मधे एक श्वाससुद्धा घेतला नाही.

त्यानंतर दीड महिना ते रोज सकाळी जाधवांकडे जायचे. गुरुजींच्या शर्टाची बटणं लावायची, दाढीला साबण लावून द्यायचा, पेपरची पानं उलटून द्यायची. हात अडकवायची दवाखान्याची झोळी बघून म्हणाले होते, "हिची वीण सैल हाय," आणि दुसरी शिवून आणली. गुरुजींचा राग आठ दिवसांत गेला. बाईंचा गेला नाही, दार उघडताना त्या रोज म्हणायच्या, "आले सत्तेचाळीस नंबर."

त्यांच्या दाराशी वस्तू घेऊन येणं मात्र थांबलं. एकदम, जणू कुणी हुकूम काढला. दार पूर्वीसारखंच दिवसभर उघडं असायचं. मी गच्चीवर जाता-येता दिसायचं: येमूल स्टूल दाराकडे तोंड करून ठेवून बसलेले. पावलं वाजली की मान वर. पावलं चौथ्या मजल्याकडे गेली की मान खाली. तेव्हा मला कळलं, की आम्ही ज्याला त्यांचं वेड म्हणत होतो ती माणसं घरात येण्याची सोय होती. कुकर, कलिंगड, गुडघ्याचा पट्टा. काहीही चालायचं, बरोबर माणूस असला म्हणजे झालं. त्या शनिवारी सुरतेचा मुलगाही आला नव्हता, हे मला कितीतरी नंतर समजलं.

एकदा मी नवी छत्री विकत घेतली आणि मुद्दाम त्यांच्याकडे नेली. "जरा पास करून द्या."

त्यांनी ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. काड्या मोजल्या. डोळे क्षणभर पूर्वीसारखे झाले. मग छत्री परत देत म्हणाले, "चिठ्ठ्या संपल्या, साहेब."

डबा माझ्यासमोर कपाटात होता. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी मुलगा त्यांना सुरतेला घेऊन जायला आला. मी रिक्षातून स्टेशनवर पोचवायला गेलो. मुलगा गाडीचा डबा शोधायला पुढे गेला आणि प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघंच उरलो. येमूलांनी माझ्या सदऱ्याच्या बाहीला बोट लावलं, कापड चाचपलं, आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "साहेब, काय बोलायचं हाय का?"

"नाही," मी म्हणालो. "पाण्याची बाटली घेतली ना?"

"घेतली की."

सुरतेहून ते दर आठवड्याला फोन करायचे. "काय विशेष?" म्हणायचे आणि थांबायचे. फोनवर एवढं थांबणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी म्हणायचो, काही नाही, नळ आज पाच दिवसांनी आले. मग ते हसायचे आणि म्हणायचे, "बरं, ठेवतो." असे वर्षभराचे फोन. दरवेळी वाटायचं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग एका आठवड्यात फोन त्यांच्या नंबरवरून आला, पण बोलला मुलगा.

गुरुजी अजून आहेत, जाधवबाईही आहेत. हे छापून आलं की आधी त्यांच्याकडे जाईन. बाई काय बोलतील ते बोलतील. पण ज्याला सांगायचं होतं तो माणूस आता राहिला नाही. म्हणून इथे लिहितो.

येमूल, ते कंदील तुम्ही पाहिलेसुद्धा नव्हते. मी आणले, मी चोरलेल्या चिठ्ठ्या लावल्या आणि चौदा माणसांत तुमचं नाव घेतलं. गुरुजींपुढे हात मी जोडायला हवे होते. ते तुम्ही जोडलेत, आणि मी खुर्चीत बसून राहिलो. चुकलं. लई मोठं चुकलं. मला माफ करा.